मरणाच्या विचाराने रात्री झोप उडते. ही भीती आटोक्यात कशी आणावी?

जुळे सोलापूरकर

नमस्कार. माझे वय बेचाळीस आहे. सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. घरी आई, पत्नी आणि पाचवीत शिकणारी मुलगी आहे. गेल्या दिवाळीनंतर माझ्याच वयाचे एक सहकारी नेहमीप्रमाणे काम आटोपून घरी गेले आणि त्याच रात्री हृदयविकाराच्या झटक्याने वारले. तेव्हापासून रात्री दिवा मालवला की आज आपली पाळी असेल काय, हा विचार सुरू होतो. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असे वाटते आणि मी उठून बसतो. उशाशी ऑक्सिमीटर ठेवला आहे. त्यात बोट घालून आकडा पाहिला की जरा वेळ बरे वाटते, मग पुन्हा शंका येते आणि पुन्हा बोट घालतो. नंतर मोबाईलवर लक्षणे शोधत बसतो आणि त्यात पहाट होते.

ईसीजी, टू-डी इको आणि ट्रेडमिलची चाचणी करून घेतली असून तिन्ही व्यवस्थित आहेत. ज्या डॉक्टरांना अहवाल दाखवले त्यांनी कागद बाजूला सारून ‘तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. टेन्शन घेऊ नये हे मलाही कळते, परंतु ते न घेणे कसे साधावे हे कोणी सांगत नाही.

शिवाय हृदय ठणठणीत आहे हे मान्य केले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. आज नाही तर तीस-पस्तीस वर्षांनी मरण येणारच. तेव्हाही होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, पाळणे लागतील, माझी मुलगी तिच्या मुलांना घेऊन तिथे जाईल आणि मी मात्र कुठेच नसेन, या कल्पनेने पोटात खड्डा पडतो. मी मयतीला जाणे टाळू लागलो आहे, मोदी स्मशानभूमीचा रस्ता सोडून वळसा घालून जातो आणि वर्तमानपत्रातील निधनवार्तांचे पान उघडत नाही. घरी विषय काढला तर आई ‘भरल्या घरात अभद्र बोलू नये’ म्हणून तिथेच थांबवते. कोणी यातून गेले असेल तर कृपया लिहावे. मानसोपचार घ्यावा की अध्यात्माकडे वळावे, आणि सोलापुरात नेमके कोणाकडे जावे?

माळकरी

दादा, मोबाईल आधी बाजूला ठेवावा. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणावा, तळ्याकाठी सिद्धेश्वराच्या देवळात घटकाभर बसावे आणि जमल्यास यंदा आषाढीला पायी पंढरपूर गाठावे. पांडुरंगावर भार टाकला की भीती उरत नाही, हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. औषधांच्या नादी लागू नये, असे माझे मत आहे.

सात रस्ता समुपदेशन

मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. आपल्या लिखाणात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक म्हणजे शरीराला येणारा भीतीचा झटका, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि दुसरी म्हणजे एक दिवस आपण नसू या जाणिवेने होणारी कालवाकालव. पहिल्या गोष्टीवर चांगले उपचार आहेत. दुसरी हा आजार नव्हे, मात्र पहिली शमल्याखेरीज दुसरीचा शांतपणे विचार करता येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

झटक्याच्या वेळी शरीर धोका आहे असे समजून अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सोडते, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात. आपण नकळत भरभर श्वास घेऊ लागतो, त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून बोटांना व ओठांभोवती मुंग्या येणे, डोके हलके होणे, श्वास पुरत नसल्याचा भास होणे ही लक्षणे उद्भवतात. म्हणजे प्राणवायू कमी पडलेला नसतो, उलट श्वास गरजेपेक्षा जास्त घेतला गेलेला असतो, आणि म्हणूनच तुमच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा दर वेळी चांगला येतो. असा झटका साधारणतः दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढे अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आपोआप ओसरतो. त्या वेळी श्वास खोल घेण्याची खटपट करू नये. तो नाकाने घेऊन सोडताना मात्र सावकाश, घेण्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लावून सोडावा.

आता ऑक्सिमीटरविषयी. आकडा पाहिल्यावर जो दिलासा मिळतो तोच भीतीला जिवंत ठेवतो, कारण मेंदू असा निष्कर्ष काढतो की तपासले म्हणून वाचलो. मोबाईलवर लक्षणे शोधणे, पत्नीला पुन्हा पुन्हा नाडी पाहायला लावणे आणि स्मशानाचा रस्ता टाळणे ही त्याच जातीची वागणूक आहे. उपचारात आम्ही हीच साखळी तोडतो. तपासण्याची इच्छा झाली की आधी दहा मिनिटे थांबायचे, मग वीस, मग ते यंत्र दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवायचे. टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचे: प्रथम निधनवार्तांचे पान, मग तो रस्ता, मग एखाद्या परिचिताच्या घरी भेटीला जाणे. प्रत्येक पायरीवर भीती वाढते, काही वेळ टिकते आणि आपण पळून न जाता थांबलो तर उतरते. ही उतरण स्वतः अनुभवणे हाच उपचाराचा गाभा आहे. रात्री येणाऱ्या विचारांसाठी संध्याकाळी वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात जी भीती वाटते ती वहीत स्पष्ट शब्दांत लिहावी. ‘काहीतरी होईल’ असे मोघम लिहू नये. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि झोप आल्यावरच परत यावे. या पद्धतीच्या उपचाराला साधारणतः बारा ते सोळा बैठका लागतात.

माळकरी दादांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. नामस्मरणास माझी हरकत नाही, अनेकांना त्याचा मोठा आधार होतो. परंतु आज जप चुकला तर मरण येईल अशा धास्तीने तो केला जात असेल तर तोही उशाशी ठेवलेला दुसरा ऑक्सिमीटरच होतो. तसेच औषधांना सरसकट नाही म्हणणे योग्य नाही. मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी बहुधा मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यांची चटक लागत नाही, मात्र ती मनाने अचानक बंद करू नयेत. याउलट ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते. हा प्रकार मी आपल्या शहरात फार पाहते आणि मला त्याची खरोखर चीड आहे.

एकदा थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण थायरॉईडचा अतिरेक आणि रक्तक्षय यांतही धडधड होते, आणि संध्याकाळनंतरचा चहा सोडावा. जिना चढताना किंवा चालताना छातीत दडपण येणे, ते डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकणे, सोबत दरदरून घाम सुटणे ही लक्षणे आली तर मात्र पूर्वीच्या अहवालांवर विसंबून घरी थांबू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे दाखवता येईल. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. मरणाची भीती आणि मरण यावेसे वाटणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, तरी कधी दुसरा विचार मनात डोकावला तर त्याच क्षणी हा क्रमांक फिरवावा.

पूर्व भागातला मागवाला

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. दत्तनगर भागात आमचे यंत्रमाग होते, आता मुलगा पाहतो. मोठा भाऊ अचानक गेल्यानंतर मलाही हेच झाले होते, पण त्या काळी त्याला नाव नव्हते आणि आम्ही पित्त समजून सोडा पीत होतो. दिवसा मागांच्या खडखडाटात काही जाणवत नसे. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले की आपल्याच छातीचे ठोके कानात वाजू लागत आणि आता आपलीही वेळ आली, असे वाटे.

ताईंनी तपासण्याबद्दल लिहिले ते मला आमच्या धंद्यावरून लगेच पटले. ताण्यातला धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारावीच लागते, पण तुटला असेल या शंकेने घडोघडी माग थांबवणाऱ्याची चादर कधी उतरत नाही.

माझी भीती कशी कमी झाली ते सांगतो, कोणाला पटो न पटो. आमच्या गल्लीत तिरडी बांधणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांचे हात कापू लागले तेव्हा एका मयतीच्या वेळी त्यांनी मला हाक मारून बांबू धरायला सांगितले. नाही म्हणणे शक्य नव्हते. दोन लांब बांबू जमिनीवर समांतर ठेवायचे, त्यांवर आडव्या कामट्या घालून सुतळीने आवळायच्या आणि गाठ खालच्या बाजूला घ्यायची, म्हणजे वर टोचत नाही. टोचले तरी आता कोणाला कळणार, असे मी मनात म्हटले, आणि म्हाताऱ्याने बहुधा ते ओळखले, कारण तो म्हणाला की गाठ खालीच घ्यायची, तशी पद्धत आहे. पहिल्या वेळी माझ्या हातापायांना कापरे भरले होते. पुढे गल्लीत कोणी गेले की लोक मलाच बोलावू लागले. सुतळी किती लागेल, खांदेकरी सारख्या उंचीचे आहेत का, मडके कोण धरणार, असल्या कामांत मन गुंतले की मरण ही अंधारात दबा धरून बसलेली वस्तू न राहता चारचौघांनी मिळून उरकायचे काम होते. भीती समूळ गेली असे मी म्हणणार नाही. आजही कधी रात्री दचकून जाग येते, मी पाणी पितो आणि पुन्हा पडतो. तुम्ही मयतीला जाणे टाळता, ते मात्र सोडा. लांब उभे राहा, पण जा.

रात्रपाळीची परिचारिका

मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आहे, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते. मरणाची भीती वाटते असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना मरणाची नव्हे, तर मरताना होणाऱ्या हालांची, नळ्यांची, परावलंबनाची आणि घरच्यांवर पडणाऱ्या खर्चाची भीती असते. तुमची भीती यांपैकी कोणती, हे एकदा नीट पाहावे, कारण या भागावर आज, धडधाकट असतानाच, काही करता येते.

दीर्घ आजारात शेवटच्या दिवसांत माणसाची भूक-तहान आपोआप मंदावते, झोप वाढते आणि बराच काळ गुंगीत जातो. श्वासाचा जो घरघर आवाज ऐकून नातेवाईक घाबरतात त्याचा त्रास बहुधा त्या व्यक्तीला जाणवत नसतो. वेदना आणि धाप यांवर मॉर्फिनसारखी औषधे उपयोगी पडतात आणि वेदनाशमनाची स्वतंत्र शाखा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आता आपल्याकडेही रुजते आहे.

बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांवर ठेवू नये, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला. त्याची प्रक्रिया सुरुवातीला फार किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घेतले की असे इच्छापत्र पूर्ण होते, आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय तपासतात. याचा अर्थ इंजेक्शन देऊन मरण देणे असा नव्हे, ते आपल्याकडे बेकायदाच आहे. याखेरीज मालमत्तेचे मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोंदणी सक्तीची नाही. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या वारस नोंदी अद्ययावत आहेत का, ते या आठवड्यात पाहून घ्या. तुम्ही हिशेबाचे काम करता, तेव्हा हे सांगायला नको, पण दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्यांच्या स्वतःच्या नोंदी अर्धवट असलेल्या मी पाहिल्या आहेत. खिशात काही कागद नीट असले की रात्रीचा एक तरी प्रश्न कमी होतो.

तत्त्वज्ञानाचा मास्तर

परिचारिका ताईंचे म्हणणे मोलाचे आहे, परंतु मूळ प्रश्नकर्त्याने हालांविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. त्यांना ‘मी नसेन’ हे बोचते, आणि त्याला नोटरीकडे उत्तर नाही.

या प्रश्नावर ग्रीक विचारवंत एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) याने जो युक्तिवाद केला तो प्रसिद्ध आहे: आपण असतो तोवर मरण नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो, म्हणून त्याचा त्रास होणारा कोणी उरतच नाही. त्याच्याच परंपरेत पुढे असेही सांगितले गेले की आपल्या जन्माआधीचा अनंत काळ आपण नव्हतो, त्याचे आपल्याला दुःख नाही, तर नंतरच्या काळाचे का असावे. वर्गात हे शिकवताना मुले माना डोलावतात, पण रात्री दोन वाजता ते फारसे कामी येत नाही, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. आपल्याला नसण्याच्या वेदनेची भीती नसतेच, जे आवडते ते हातचे जाईल याची असते. तुमच्या डोळ्यांसमोर काळोख न येता गड्ड्याचा पाळणा आणि मुलगी आली, हे मला फार बोलके वाटले. जिथे काही गमावण्यासारखे आहे तिथेच ही भीती उगवते. म्हणून तिला युक्तिवादाने हरवण्यापेक्षा ती कोणत्या गोष्टींकडे बोट दाखवते ते पाहणे अधिक उपयोगाचे. यंदा जत्रेला मुलीला घेऊन किती वेळ मोकळेपणाने फिरलात, हा प्रश्न मी तुम्हाला विचारीन.

गड्ड्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपण सोलापूरकर ज्या यात्रेला भाकरीतुकडा बांधून जातो तिच्या केंद्रस्थानी विवाह आणि मृत्यू हे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ सिद्धरामेश्वर या शिवयोगी संतांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, लाखो हात अक्षता टाकतात, आणि दुसऱ्याच दिवशी संक्रांतीला होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून तिच्या रूपाने ती वधू होमात अर्पण केली जाते. त्यानंतर शोभेचे दारूकाम होते आणि लहान मुले खांद्यांवर बसून ते पाहतात. ज्या देवळात आपण संध्याकाळी वारा खायला जातो त्याच्या आवारात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे आणि तिच्याभोवती मुले पळापळी खेळतात. बसवेश्वरांच्या लिंगायत परंपरेत मृत्यूचे सुतक मानलेले नाही, देहाला बसलेल्या स्थितीत समाधी देतात. इतके सगळे उघड्यावर असलेल्या गावात घराच्या आत मात्र ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून विषय दाबला जातो. आईंना दोष देण्याचे कारण नाही, त्यांच्याही मनात हेच असू शकेल. ‘अभद्र’ म्हणून त्या थांबवतात तेव्हा वाद घालू नका. त्याऐवजी वडील गेले त्या दिवसांविषयी काही विचारून पाहा. सल्ला दिला म्हणजे बोलणे बंद होते, आठवण विचारली की सुरू होते.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. ऑक्सिमीटर कारखान्यातील प्रथमोपचार पेटीत नेऊन ठेवला आहे. थायरॉईडच्या तपासणीसाठी रक्त दिले असून सोमवारी सर्वोपचार रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवणार आहे. मागवाल्या काकांचे वाचून काल एका शेजाऱ्यांच्या तिसऱ्याला गेलो. छाती धडधडली, तरी पूर्ण वेळ थांबलो. वारस नोंदी पाहिल्या तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर लग्नाआधीचे, आईचेच नाव निघाले, तो अर्ज भरून दिला आहे. मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला लाजिरवाणे वाटले, म्हणून इथे देत नाही.

एक शंका उरते. मुलीने मला रात्री उठून बसलेले पाहिले आहे आणि ‘बाबा, तुम्ही मरणार आहात का?’ असे विचारले. मी विषय बदलला. तिला काय सांगावे?

सात रस्ता समुपदेशन

खरे सांगावे आणि थोडक्यात सांगावे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो आणि सर्वांना येतो हे समजलेले असते, त्यामुळे ‘मी कधीच मरणार नाही’ हे वचन तिला खोटे वाटेल आणि पुढच्या वेळी ती विचारणार नाही. ‘सगळेच एक दिवस मरतात, मीही मरेन, पण डॉक्टरांनी तपासले आहे आणि माझे हृदय चांगले आहे. रात्री मला जी भीती वाटते तिच्यासाठी मी औषधोपचार घेतो आहे,’ इतके पुरे. ती पुढे काही विचारेल त्याचेच उत्तर द्यावे, तिने न विचारलेले सांगत बसू नये. बहुतेक मुले यानंतर ‘मग माझी काळजी कोण घेईल’ हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर आई, आजी, मामा अशा नावांनिशी तयार ठेवावे. आणि सोमवारी रुग्णालयात जाताना आधीच्या तपासण्यांचे सर्व कागद सोबत न्यावेत, म्हणजे त्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.